शर्यतीआधीच्या थंडीवर कचऱ्याच्या पिशवीचा उपाय

हिवाळ्यातल्या शर्यतीत स्टार्ट लाइनवर कुडकुडत उभं राहावं लागतं, आणि जॅकेट घालावं तर पळताना त्याचं ओझं होतं. अशा वेळी कचऱ्याची मोठी, कोरी पिशवी कामाला येते.

१. पिशवीच्या बंद टोकाला डोक्यासाठी आणि दोन्ही बाजूंना हातांसाठी भोकं पाडा. हे घरीच करा. गारठलेल्या बोटांनी ऐन वेळी प्लास्टिक धड फाटत नाही.
२. गरम कपडे काढले की लगेच ती अंगात चढवा. ध्यान दिसतं खरं, पण वारा अडतो.
३. शर्यत सुटायच्या मिनिटभर आधी काढा आणि तुमच्या धावण्याच्या क्लबमधला जो पळत नसेल त्याच्याकडे सगळ्यांच्या पिशव्या द्या. शर्यतीच्या शेवटी घामेजलेलं अंग झपाट्याने गार पडतं, तेव्हा कोरड्या टी-शर्टवर हीच पुन्हा घाला.

पिशवी रस्त्यावर मात्र टाकू नका, मागच्याचा पाय त्यात अडकतो.