सर्व्हिस माझ्यावरच का येते?

सलग सहा पॉइंट गेले. आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता. समोरच्या पोराने सहा सर्व्हिस टाकल्या, त्यातल्या पाच माझ्या अंगावर. एक हाताला लागून थेट प्रेक्षकांत, एक छातीवर, बाकीच्या मला आठवायच्याही नाहीत. नव्याने खेळायला लागलेल्या पोरांनी हे आधी समजून घ्यावं: समोरच्याची सर्व्हिस असताना आपण रॅली जिंकल्याशिवाय आपलं रोटेशन, म्हणजे खेळाडूंनी एकेक जागा पुढे सरकणं, होत नाही. जो चुकतोय तो त्याच जागी उभा राहतो, आणि सर्व्हिस करणारा काही आंधळा नसतो.

त्याच वर्षी विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीतूनही मी बाहेर पडलो. निवड करणाऱ्या एका सरांना गाठून कारण विचारलं. म्हणाले, "स्मॅश बरा आहे, पण या उंचीच्या पोराला बॉल घेता आला पाहिजे." माझी उंची पाच फूट सहा इंच. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी मोठा स्मॅशर होतो, कारण आमचं नेट मधोमध पोट सुटल्यासारखं लोंबायचं. पुरुषांचं नेट 2.43 मीटरवर ताणून बांधलं की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

राग आला की माणूस चुकीच्या गोष्टीवर मेहनत करतो. मी उडी वाढवायला निघालो, तेही मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हाळ्यात. आमची जमीन काळी. पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. मैदानाच्या कडेला उडी मारून उतरलो तो एका भेगेत. घोटा आतल्या बाजूला वळला, बाहेरून वांग्यासारखा सुजला. गावातल्या एकाकडून चोळून घेतला आणि सूज दुप्पट झाली. दहाव्या दिवशी पट्टी बांधून परत खेळलो, तोच पाय पुन्हा मुरगळला. मुरगळलेला पाय ताजा असताना चोळू नका. बर्फ लावा, पाय उंचावर ठेवा आणि पाय टेकवत नसेल तर सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढा. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही. मला नंतर रोज दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. हसू येतं, पण डोळे मिटल्यावर पाच सेकंदही तोल सांभाळता येत नव्हता.

उडी बंद होती, म्हणून नाइलाजाने अंडरहँड, म्हणजे दोन्ही हात जोडून खालून बॉल घेणं, हातात घेतला. जिल्हा परिषद शाळेची मागची भिंत, बॉल आणि मी. येणारे-जाणारे आजोबा विचारायचे, "काय रे भो, आज बी भितसंगेच खेयी राह्यना का?"

बॉल घेताना आपण हात मारतो, हीच मुळात चूक. दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी, जमिनीकडे वळलेले, कोपर ताठ, बॉल मनगटाच्या जरा वर, हाताच्या सपाट भागावर बसला पाहिजे. हात फक्त फळी. ती फळी कुठल्या दिशेला कलली आहे त्यावर बॉल कुठे जाणार ते ठरतं, आणि जोर लागतो तो गुडघ्यातून. जोरात येणाऱ्या सर्व्हिसला तर तेवढाही नाही, उलट थोडं मऊ व्हावं लागतं. फ्लोट सर्व्हिसचा प्रकार वेगळा. तो बॉल स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून हवेत डुलतो आणि शेवटच्या क्षणी जागा बदलतो. अशा वेळी हात आधीच जोडून धावणारा फसतो. आधी पाय पोहोचले पाहिजेत, हात शेवटी. मी बॉलकडे बघत बसायचो. खरं तर सर्व्हिस करणाऱ्याचा टॉस आणि खांदा बघायचा असतो. बॉल सुटायच्या आधीच तो कुठे येणार याचा अर्धा अंदाज तिथे येतो.

एक गोष्ट बॉलची. गावाकडे बॉल दगडासारखा टणक फुगवायची सवय आहे. टणक बॉल चांगला उडतो म्हणे. नियमाने हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 0.30 ते 0.325 किलो, म्हणजे अंगठ्याने दाबला तर किंचित आत जाईल इतका. आमचा बॉल मी मुद्दाम सैल केला, तेव्हा हातावरचे लाल वळ निम्मे झाले आणि सगळ्या टीमने मला शिव्या घातल्या.

पाय बरा झाल्यावर लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणाऱ्याच्या जागी, नेटजवळ, एका स्टुलावर केळी वाहायचं कॅरेट ठेवलं. चुलतभाऊ समोरून सर्व्हिस टाकायचा आणि वहीत गुण लिहायचा. लिफ्टरला हवा तिथे बॉल गेला तर तीन, दोन-चार पावलं पळावं लागलं तर दोन, कसाबसा उचलता आला तर एक, गेलाच तर शून्य. मोठ्या टीम पासिंग अशाच मोजतात. पहिल्या आठवड्यात सरासरी दीडच्या खाली होती. 'आज बरा खेळलो' असं वाटायचं त्या दिवशीची वही बघितली की तोंड उतरायचं. दिवाळीपर्यंत दोनच्या आसपास आलो. डावीकडून खांद्याच्या उंचीवर येणारा बॉल अजूनही मला नीट जमत नाही.

उंची कमी असलेल्यांसाठी लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून बॉल घेणारा खेळाडू, ही जागा आहे, 1998 पासून. वेगळ्या रंगाची जर्सी. त्याला सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, नेटच्या वरून बॉल मारणं नाही. मागच्या रांगेतल्या खेळाडूच्या जागी तो आत-बाहेर करतो आणि ते नेहमीच्या बदलांत मोजलं जात नाही. स्मॅशरला लिबेरो म्हणजे शिक्षा वाटते. मलाही वाटली, दोन महिने.

कागदांचंही सांगतो, कारण आमच्यात कोणी सांगत नाही. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात; तालुका, जिल्हा, मग आपल्यासाठी नाशिक विभाग, मग राज्य. प्रत्येक प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख दाखल्याप्रमाणे आहे का, ते तिथेच बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि स्पर्धा कोणत्या पातळीची होती ते बघितलं जातं. गावातल्या डे-नाईट स्पर्धेची ढाल तिथे चालत नाही, कितीही मोठी असली तरी.

पुढच्या वर्षी मी विद्यापीठ संघात आलो, राखीव लिबेरो म्हणून. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकच सेट मिळाला. नवा माणूस आत आला की सर्व्हिस त्याच्यावरच येते, तशी पहिलीच माझ्यावर आली. फ्लोट होती. पाय पोहोचले.

घरी येऊन चुलतभावाला सगळं सांगितलं. तीन गुण लिही म्हणाला. लिफ्टरला दोन पावलं मागे सरकावं लागलं होतं, म्हणून मी दोनच लिहिले.