गळीत हंगामाआधी पिकअपचं ॲव्हरेज तपासा: डिझेल पंप खोलण्याआधी चाकांना हात लावा

परतीचा पाऊस ओसरला की आपल्या कोल्हापूरकडं कामाची एकदम झुंबड उडते. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गुऱ्हाळं पेटतात, माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, आवक वाढते, आणि दारातली दहा-बारा वर्षांची पिकअप पहाटे चारपासून रस्त्यावर असते. चार महिने चिखल-पाण्यात राबलेल्या या गाडीकडं नेमकं आत्ताच कुणाचं लक्ष नसतं. खंडेनवमीला आपण तिला धुतो, झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी अर्धा दिवस काढून तिचं ॲव्हरेजही तपासा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

हिशेब साधा आहे. लिटरला १२ किलोमीटरचं ॲव्हरेज देणारी गाडी ९ वर आली आणि ती रोज ६० किलोमीटर धावत असेल, तर ५ लिटरच्या जागी साडेसहा लिटरच्या वर डिझेल जातं. १२० दिवसांच्या हंगामात हे जादाचं डिझेल २०० लिटर होतं. पेट्रोल पंपावरच्या आजच्या दरानं गुणा. नव्या टायरांच्या खर्चाला मोठा हातभार लागावा एवढी ती रक्कम भरते.

पण ॲव्हरेज खरंच पडलंय का, हे आधी ठरवा. आपल्यातले बहुतेकजण पाचशेचं, हजाराचं डिझेल टाकतात आणि काट्याकडं बघून अंदाज बांधतात. जुन्या गाडीच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. सपाट जागी गाडी उभी करून टाकी फुल करा, डिझेल भरायचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, आणि किलोमीटर लिहून ठेवा. निदान ३०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच पद्धतीनं परत फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेलं डिझेल, हे तुमचं खरं ॲव्हरेज. असं सलग तीनदा करा आणि शेजारी कुठं गेला, किती माल होता, हेही लिहा. शिरोळकडच्या सपाट रस्त्यावरचं ॲव्हरेज आणि गगनबावड्याकडं चढणारं ॲव्हरेज एका मापानं मोजता येत नाही. मूळ मापापेक्षा मोठं टायर बसवलं असेल तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि गाडी चांगली असूनही ॲव्हरेज पडलेलं वाटतं. मीटरची केबलच तुटली असेल तर आधी ती बदला.

मी स्वतः हे न करता एकदा फसलोय. गाडी ओढत नव्हती, डिझेल जास्त खात होती. एका गॅरेजमध्ये नेली, तर न बघताच डिझेल पंप, म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल पुरवणारा पंप, उतरवला. तो पंप आणि इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलचं काम झालं, पाच आकडी बिल झालं, आणि ॲव्हरेज जिथल्या तिथं. पुढं पंधरा दिवसांनी मागचं डावं चाक पंक्चर झालं म्हणून रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडं थांबलो. त्यानं चाक काढायला हात घातला आणि मागं घेतला. म्हणाला, "आण्णा, ह्यो ड्रम चुलीगत तापलाय की ओ. ब्रेक धरलाय ह्यानं." ड्रम उघडला तर आत वाळलेल्या चिखलाचा थर, ब्रेकचं अंतर जुळवणारा ॲडजस्टर गंजून बसलेला आणि ड्रमवर घासून ब्रेक लावणारा लायनर एका बाजूनं काचेसारखा चकाकणारा. मी महिनाभर ब्रेक दाबूनच गाडी हाकत होतो. चारशे रुपयांत काम झालं.

म्हणून पंपाला हात लावायच्या आधी चाकाला हात लावा. पावसाळ्यात शेतातल्या काळ्या चिखलातून, ओढ्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हा दोष हमखास निघतो. आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक फारसा न दाबता गाडी आपोआप मंद होऊ द्या, उतरून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ तळहाताची मागची बाजू न्या. एकदम हात टेकवू नका, भाजेल. डावं-उजवं चाक सारखंच कोमट असेल तर ठीक. एकच चाक तापलं असेल तर तिथं ब्रेक धरतोय नाहीतर बेअरिंग गेलंय. दुसरी परीक्षा जॅकवरची. सपाट कठीण जागी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडून, एकेक चाक उचला आणि हातानं फिरवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाक घासत, अडखळत फिरत असेल तर ड्रम उघडायला सांगा. हँडब्रेकची केबल आवरणात गंजली की लिव्हर खाली केला तरी मागं सरत नाही, हे दुसरं नेहमीचं कारण. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका; ती छातीत जाते. पाण्यानं धुऊन काढा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात करवीर-शिरोळ भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. तुमची गाडी त्यातली असेल, किंवा जुनी घेताना कुणी हे सांगितलं नसेल, तर चाकांचं ग्रीस आणि मागच्या ॲक्सलचं ऑइल एकदा बघाच. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ते तसंच ठेवलं तर आधी ॲव्हरेज जातं, मग बेअरिंग.

हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. गाडीच्या दारावरच्या किंवा पुस्तकातल्या तक्त्यात पुढचं-मागचं, रिकामी-भरलेली असे वेगळे आकडे दिलेले असतात. सगळीकडं एकच आकडा मारून घेण्याची सवय चुकीची. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मध्येच झीज असेल तर जास्त. एकाच कडेला झीज असेल किंवा हात फिरवल्यावर करवतीसारखं लागत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या.

आता धूर. भरल्या गाडीनं चढ चढताना मागं माणूस उभा करून बघायला सांगा. काळा धूर म्हणजे जाळायला हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त पडतंय. हंगामात रस्त्यावरची धूळ, गुऱ्हाळावरचं चिपाड आणि राख यांनी एअर फिल्टर महिन्याभरातच चोंदतो. तो आपटून-झटकून पुन्हा बसवण्यापेक्षा नवा टाका. फुंकायचाच असेल तर आतून बाहेर आणि हलक्या दाबानं. टर्बोवाल्या गाडीत टर्बोपासून (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारी जाळी) रबरी होज बोटांनी दाबून बघा. खालच्या बाजूला चीर पडते, ती वरून दिसत नाही. रेस केल्यावर फुसफुस आवाज आणि तेलकट काळा डाग सापडला की दोष तिथंच. निळा धूर इंजिन ऑइल जळल्याचा. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर रेडिएटरचं पाणी कमी होतंय का, यावर लक्ष ठेवा.

एक गोष्ट मला फार खटकते. इंजिन गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारा वॉल्व्ह) काढूनच टाकायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढं उघडतो आणि तोवर इंजिनला लवकर तापू देतो. तो नसला की हिवाळ्याच्या पहाटे इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि खर्च वाढतो. वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच असेल तर मिस्त्रींना सरळ विचारा, थर्मोस्टॅट जागेवर आहे का? नसेल तर बसवा, आणि गरम होण्याचं खरं कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा पाण्याचा पंप, ते दुरुस्त करून घ्या.

डिझेल फिल्टरखालच्या स्क्रूतून साचलेलं पाणी काढा. ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी तर दर आठवड्याला. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी रिटर्न पाइपची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइप) गळती त्यावर दिसेल. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढं सरकत नाही, आणि डिझेल वाया जातं.

काही वेळा मात्र दोष गाडीत नसतोच. वापरात नसलेला साखळदंड, जादा स्टेपनी, औषध फवारणीचा पंप वर्षभर हौद्यात पडून असतो. ३० किलोचे गुळाचे पाच रवे (ढेपा) विनाकारण फिरवावेत तसं ते. फडफडणारी ताडपत्री वारा धरते. ती आवळून बांधा. मोकळ्या हायवेवर ८० ऐवजी ५५-६० नं चाला. आणि मार्केट यार्डात सौद्याची वाट बघताना इंजिन चालू ठेवू नका; एवढं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा लिटरच्या आसपास डिझेल पिऊ शकतं.

हे सगळं करूनही तीन फुल टाक्यांचं ॲव्हरेज सुधारलं नाही, तरच पंप-नोझलकडं वळा. त्याआधी टॅपेट सेटिंग (इंजिनच्या वॉल्व्हमधलं अंतर) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून घ्या. २०१७ नंतरच्या बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) गाडीत बहुधा कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ताब्यातली डिझेल पुरवण्याची पद्धत असते, तिथं आधी स्कॅनर लावून सेन्सर आणि ईजीआर वॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) तपासायला सांगा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत पंपाच्या स्क्रूवरची सीलची तार शाबूत आहे का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. ती तुटलेली असेल तर कुणीतरी ओढ वाढावी म्हणून डिझेल वाढवून ठेवलंय. नोझल टेस्टिंग मशीनवर तुमच्यासमोर मारून दाखवायला सांगा: फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे, टोकाशी थेंब लोंबता कामा नये. चारपैकी एकच खराब असेल तर चारही बदलण्याची घाई करू नका. काम झाल्यावर जुने भाग मागून घ्या, पंपाला नवं सील मारून घ्या, आणि गॅरेजमधून निघाल्यावर पहिला थांबा पेट्रोल पंपावर घेऊन टाकी फुल करा.