व्हिसेरा राखताना: पी.एम.च्या टेबलापासून सी.ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्टपर्यंत

संशयित विषबाधेत विष सापडणार की नाही, याचा निम्मा निकाल शवविच्छेदनाच्या (पी.एम.च्या) टेबलावरच, व्हिसेरा म्हणजे रासायनिक तपासणीसाठीचे अवयव बरणीत राखताना, लागलेला असतो. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत किंवा नागपूर, पुणे, नाशिक, अमरावतीच्या प्रादेशिक प्रयोगशाळांत यंत्र कितीही महागडे असो, बरणीत जे आलेच नाही ते त्याला दिसत नाही. ग्रामीण रुग्णालयात नव्याने पी.एम. करू लागलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि अकस्मात मृत्यूचा तपास करणाऱ्या पोलिसांना उपयोगी पडेल असे हे टिपण आहे.

आधी कागद

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खालचा इन्क्वेस्ट (मृत्यूच्या चौकशीचा) पंचनामा आणि रुग्णालयाचा केसपेपर वाचल्याशिवाय सुरी हातात घेऊ नये. केसपेपर कशासाठी? कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शने दिलेली असतात, आणि ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते. ते पत्रात लिहिले नाही, तर प्रयोगशाळेला व्हिसेऱ्यात ॲट्रोपिन सापडते आणि तपास धोतऱ्याच्या मागे लागतो. रुग्ण किती तास जगला, पोट धुतले का, उलट्या झाल्या का, हेही लिहा. रुग्णालयात दाखल होताना घेतलेले रक्त शिल्लक असेल तर ते पोलिसांकरवी जप्त करून घ्या. चार दिवस सलाईनवर राहून गेलेल्या माणसाच्या यकृतापेक्षा ते पाच मिलिलिटर रक्त जास्त बोलते.

घटनास्थळी औषधाचा डबा किंवा बाटली मिळाली तर लेबलासकट जप्त करावी, पण व्हिसेऱ्याच्या खोक्यात कधीही ठेवू नये. वाटेत बाटली पाझरली तर सगळा मुद्देमाल बाद होतो आणि बचावपक्षाला आयते हत्यार मिळते.

काय घ्यायचे आणि किती

जठराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन गाठी मारून त्यांच्या मधोमध कापा. स्वच्छ ट्रेमध्ये मोठ्या वक्र कडेने उघडा. वास घ्या, रंग पाहा, आतल्या आवरणाला चिकटलेले कण चिमट्याने उचलून वेगळ्या छोट्या बाटलीत ठेवा. नळाखाली धुण्याची सवय इथे अंगाशी येते, कारण विष त्या पाण्याबरोबर गटारात जाते. पहिल्या बरणीत जठर, त्यातले सर्व द्रव्य आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा सुमारे ३० सेंटिमीटरचा भाग त्यातल्या द्रव्यासह जातो. दुसऱ्या बरणीत पित्ताशयासह ५०० ग्रॅम यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग आणि अर्धी प्लीहा. लघवी मिळाली तर १०० मिलिलिटरपर्यंत घ्या.

रक्त जांघेतल्या शिरेतून, १० ते २० मिलिलिटर. हृदयातून ओढणे सोपे असते, छातीत साचलेले रक्त पळीने भरणे त्याहून सोपे. म्हणूनच ते होत राहते. मृत्यूनंतर जठर, यकृत, फुप्फुसे यांतले औषध हळूहळू आजूबाजूच्या रक्तात उतरते. त्यामुळे हृदयातल्या रक्तात औषधाचे प्रमाण कित्येकदा जांघेतल्या रक्ताच्या दुपटी-तिपटीने जास्त निघते आणि उपचाराचा डोस प्राणघातक वाटू लागतो. रक्त कुठून घेतले हे लेबलावर लिहायलाच हवे.

मीठ की स्पिरिट

बहुतेक केसेसमध्ये साध्या मिठाचे संपृक्त द्रावण चालते. एक लिटर पाण्याला साधारण ३६० ग्रॅम मीठ लागते. ओळखायची खूण एकच: ढवळूनही तळाशी थोडे मीठ शिल्लक राहिले पाहिजे. पातळ द्रावणात अवयव कुजतात. दाहक आम्ल, अल्कली, रसकापूर (पाऱ्याचा क्षार) किंवा बचनागाचा (विषारी मुळीचा) संशय असेल तर मीठ टाळून रेक्टिफाइड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल) वापरावे. उलट दारू, फिनॉल, फॉस्फरस, फॉर्मॅल्डिहाइड यांचा संशय असेल तर स्पिरिट नको. फॉर्मॅलिन मात्र रासायनिक तपासणीच्या बरणीत कधीच नको. त्याने ऊतक घट्ट होते, विष बाहेर काढणे कठीण होते. हिस्टोपॅथॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहण्यासाठीची) आणि रासायनिक तपासणीची बरणी यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे, म्हणून दोन्हींवर वेगळ्या रंगाची लेबले लावा.

यकृत-मूत्रपिंडाचे तुकडे करा, म्हणजे द्रावण आतवर पोचेल. बरणी दोन तृतीयांशच भरा. कुजताना वायू होतो आणि गच्च भरलेली बरणी उन्हाळ्यात वाटेतच झाकण उडवते. वापरलेल्याच द्रावणाचा २५ मिलिलिटर नमुना वेगळ्या बाटलीत सोबत द्या. तो नसेल तर विष मिठातूनच आले नाही हे कोर्टात सिद्ध करता येत नाही.

दारूसाठी घेतलेल्या १० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि ३० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट हवे. फ्लोराइड नसले तर जंतू रक्तातल्या साखरेपासून बाटलीतच अल्कोहोल बनवतात. जिवंत चालकाचे रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी खाली आहे, त्यामुळे वकील पहिला प्रश्न त्या स्पिरिटच्या बोळ्याबद्दलच विचारतो. प्रेत कुजलेले असेल तर डोळ्यातला काचद्रव सिरिंजने घ्या, तो जंतूंपासून जास्त काळ सुरक्षित राहतो.

प्रत्येक बरणीवर पी.एम. क्रमांक, नाव, पोलीस ठाणे, अवयव, द्रावण, तारीख, सही. लाखेच्या सीलचा ठसा कागदावर वेगळा पाठवा. हवालदाराला मुद्देमाल दिल्याची वेळ आणि सही नोंदवहीत घ्या. सील तुटलेले किंवा ठसा न जुळणारे पार्सल प्रयोगशाळा परत पाठवू शकते.

प्रयोगशाळेत काय होते

सल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. त्याच्या केसमध्ये जठरातले द्रव्य फ्लास्कमध्ये आम्ल घालून हलके गरम करतात आणि तोंडावर सिल्व्हर नायट्रेटचा कागद धरतात. सल्फॉसमधून सुटणाऱ्या फॉस्फिन वायूने तो काळा पडतो. पण कुजलेल्या ऊतकातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडनेही तो काळा पडतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद धरतात. सिल्व्हरचा काळा आणि लेडचा पांढराच, तर फॉस्फिन. दोन्ही काळे झाले तर आधी वायूतला सल्फाइड काढून टाकून परत पाहायचे. खात्री हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे बाटलीतल्या द्रव्यावरचा वायू यंत्रात सोडून.

शेतीच्या कीटकनाशकांसाठी ऊतक बारीक करून सॉल्व्हंटने अर्क काढतात, निर्जल सोडियम सल्फेटवरून पाणी घालवतात, चरबी वेगळी करतात. यकृतातली चरबी नीट गेली नाही तर थिन लेअर प्लेटवर (पदार्थ वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) ठिपक्याऐवजी लांब ओघळ दिसतो. प्लेटवर अज्ञात अर्क, ओळखीचे स्टँडर्ड आणि विषरहित ऊतकाचा अर्क शेजारी शेजारी लावतात. ठिपका स्टँडर्डच्या उंचीला आला म्हणजे फक्त संशय बळावतो. नाव पक्के करायला जी.सी.-एम.एस. किंवा एल.सी.-एम.एस. (गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेले मास स्पेक्ट्रोमीटर) लागते: स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ जुळली पाहिजे आणि निवडक आयनांचे परस्पर प्रमाणही. आर्सेनिक, पारा, थॅलियम अशा धातूंचा मार्ग वेगळा. ऊतक आम्लात पूर्ण विरघळवून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आय.सी.पी.-एम.एस. या धातू मोजणाऱ्या यंत्रांवर तपासतात.

लघवीच्या झटपट किटवर कोणाला गुन्हेगार ठरवू नये. खसखस लावलेले अनारसे भरपूर खाल्ले तरी ओपिएटची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. हेरॉइन म्हणायचे तर ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन (हेरॉइन शरीरात मोडताना होणारा पदार्थ) दिसायला हवे, नुसते मॉर्फिन पुरत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

‘विष आढळले नाही’ याचा अर्थ ‘विष दिले नव्हते’ असा नाही. पोट धुतले गेले असेल, शरीराने विष मोडून टाकले असेल, प्रेत कुजले असेल, किंवा त्या विषाची चाचणीच मागितली गेली नसेल. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य (ए.आय.आर. १९६०, सर्वोच्च न्यायालय, ५००) या खटल्यात रासायनिक तपासणीत विष सापडले नव्हते, तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर पुण्याच्या डॉक्टरची शिक्षा कायम राहिली. उलट १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात, तोही पुण्याचाच, पोटॅशियम सायनाइड सापडूनही आरोपी सुटला. हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीकडे विष असणे आणि ते देण्याची संधी, हे चार मुद्दे न्यायालयाने तिथे सांगितले. रिपोर्ट त्यातला फक्त दुसरा मुद्दा पुरवतो, तोही अर्धवट, कारण विष असणे आणि विषाने मरणे यांत पी.एम.मधली लक्षणे जुळवावी लागतात.

म्हणून मृत्यूच्या कारणाबद्दल ‘मत राखून ठेवले’ असे लिहिलेल्या अधिकाऱ्याने अंतिम मत देताना रिपोर्टची ओळ नुसती उतरवून काढू नये. विष कोणत्या अवयवात होते, रक्तात होते की फक्त जठरात, प्रमाण दिले आहे का, हे पाहून आपल्या पी.एम. नोंदींशी ताळा करून लिहावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली विश्लेषकाला न बोलावताही त्याचा अहवाल पुरावा म्हणून वाचता येतो, पण न्यायालय त्याला साक्षीला बोलावू शकते. बरणीत काय, कधी आणि कशात भरले हे मात्र पी.एम. करणाऱ्या डॉक्टरलाच सांगावे लागते, आणि ते सहसा काही वर्षांनी, बदली झाल्यावर. तेव्हा नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत स्वतःच्या फाइलला लावून ठेवा.