शिंकताना लघवी सुटते? आधी स्नायू शोधा

माझ्याकडे कर्वेनगरात फिजिओथेरपीला येणाऱ्या काकू गुडघेदुखी तासभर सांगतील. शिंकताना लघवी सुटते हे मात्र चप्पल घालता घालता, दारात. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले काका तर तेवढंही बोलत नाहीत, बायकोला पुढे करतात. व्यायाम दोघांना एकच, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला.

आडवं पडा, गुडघे वाकवा. चारचौघांत वायू अडवताना आवळता ना, तसं आत आणि वर ओढा. पोट, मांड्या, नितंब सैल. श्वास चालू! पुरुषांनी खुशाल आरशात बघावं, शिश्नाचं मूळ किंचित आत जातं. पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडण्यात सगळे घाई करतात, आणि मग स्नायू थकतो. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

जमलं की शिंकेआधी, बादली उचलण्याआधी आवळायचं. बसमध्ये मागच्या सीटवर असाल तर स्पीडब्रेकर दिसताच. तीन महिने तरी द्या. काकांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाल्यावर, सर्जनला विचारूनच सुरू करावं.

लघवीत रक्त दिसलं, लघवी अडली किंवा अंग (गर्भाशय) बाहेर येतंय असं वाटलं, तर व्यायाम राहू दे, थेट डॉक्टर गाठा. आणि भीतीपोटी पाणी तोडू नका, घट्ट लघवीनं मूत्राशय जास्तच चिडतं.