कमी रॅमच्या सर्व्हरवर ‘गिट जीसी’ मरू नये म्हणून

फोंडा-म्हापशाकडच्या छोट्या ऑफिसांत गिटचा सर्व्हर म्हणजे अनेकदा कोपऱ्यातलं २ जीबी रॅमचं जुनं मशीन. त्यावर ‘गिट जीसी’ने रेपो पॅक करताना, म्हणजे साठवलेल्या सगळ्या आवृत्त्या दाबून एकत्र भरताना, ‘पॅक-ऑब्जेक्ट्स डाइड ऑफ सिग्नल ९’ आलं, तर लिनक्सनेच मेमरी संपताना ते काम मारलेलं असतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कर्नलच्या लॉगमध्ये, नोंद सापडते.

बॅकअप घ्या. ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच’ चालवून आकार पाहून ठेवा.

आता खरा घोळ होतो ती जागा. विंडो म्हणजे तुलनेसाठी एका वेळी मेमरीत धरलेले ऑब्जेक्ट (साठवलेल्या फाइलींच्या आवृत्त्या वगैरे). ‘पॅक.विंडोमेमरी’ची मर्यादा दर थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाच्या प्रत्येक धाग्याला) लागते, सगळ्या कामाला मिळून नाही. मुळात ती ० म्हणजे अमर्याद असते आणि थ्रेड असतात जितके कोअर तितके. ४ कोअरच्या मशीनवर ५१२ एमबी लिहिलंत, तर गिट २ जीबीपर्यंत जाऊ शकतं. वर २५६ एमबीचा डेल्टा (दोन ऑब्जेक्टमधला फरक) कॅश वेगळाच. म्हणून आधी थ्रेड कमी करा, मगच मेमरीचा आकडा ठरवा:

गिट कॉन्फिग पॅक.थ्रेड्स १
गिट कॉन्फिग पॅक.विंडोमेमरी २५६एम
गिट कॉन्फिग पॅक.डेल्टाकॅशसाइझ ६४एम

वेळ जास्त लागेल, लागू दे. ‘पॅक.पॅकसाइझलिमिट’ लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने तयार पॅकचे तुकडे पडतात, मेमरी वाचत नाही. ‘--अ‍ॅग्रेसिव्ह’ तर इथे नकोच. ते जुने डेल्टा टाकून सगळे नव्याने काढतं, तेही १० ऐवजी २५० ऑब्जेक्टच्या विंडोने.

एवढं करूनही मेलं, तर मोठ्या फाइली शोधा. दोन फाइलींची तुलना करायला दोन्ही पूर्ण मेमरीत लागतात. १५० एमबीच्या पीएसडीच्या (फोटोशॉप फाइलीच्या) दोन आवृत्त्या आल्या की विंडोची मर्यादा काही वाचवत नाही. बेअर रेपोच्या (सर्व्हरवरचा, कामाच्या फाइली न मांडलेला रेपो) इन्फो फोल्डरातल्या अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत ‘*.पीएसडी -डेल्टा’ लिहा. किंवा ‘कोर.बिगफाइलथ्रेशोल्ड’, म्हणजे ज्याहून मोठ्या फाइलींचा डेल्टा काढलाच जात नाही तो आकार, मूळच्या ५१२ एमबीवरून ५० एमबीवर आणा. मात्र त्याहून मोठे एसक्यूएल डंप असतील तर त्यांचा डिफ दिसणं बंद होईल, कारण गिट त्यांना बायनरी धरतं.

मग साधं ‘गिट जीसी’, रात्री, कोणी पुश करत नसताना.

पावसात मध्येच वीज गेली तरी घाबरू नका. नवा पॅक पुरा झाल्याशिवाय जुने पुसले जात नाहीत. पॅक फोल्डरात ‘टीएमपी_पॅक_’ने सुरू होणारी अर्धवट फाइल तेवढी उरते, गिटचं कुठलंही काम चालू नाही हे पाहून ती हाताने काढा, नाहीतर डिस्क भरते.