मुंबईतल्या बाइकवर खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा

सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतूवरही बंदी. मुंबईत जिथे गाडी मोकळी पळते, तिथे आपल्याला प्रवेशच नाही. आपल्या वाट्याला येतात ते एलबीएस मार्ग, एस. व्ही. रोड, सिग्नल, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसात पाण्याखाली गडप झालेले खड्डे. म्हणून पिकअप वाढवण्यावर घातलेला पैसा इथे वाया जातो आणि टायर-ब्रेकवरचा रोज वसूल होतो. बाकीचा सगळा हिशेब यातूनच निघतो.

१. आधी कागदावर आकडे मांडा

महिन्याला किती किलोमीटर होतात आणि गाडी किती वर्षं ठेवायची आहे, एवढं लिहून काढा. समजा महिन्याला ८०० किलोमीटर होतात, मायलेज ४५ चं आहे आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं, तर महिन्याचा पेट्रोलखर्च साधारण १,८५० रुपये येतो. आता कुणी ४,००० रुपयांचा खास एअर फिल्टर आणि इरिडियमचा स्पार्क प्लग गळ्यात मारून "मायलेज पाच टक्के वाढेल" म्हणाला, आणि ते खरंच वाढलं, तरी महिन्याला वाचतात ९० रुपयांच्या आसपास. पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. टायरमध्ये हवा बरोबर ठेवली आणि कंपनीचा साधा फिल्टर वेळेवर बदलला, तर मायलेज फारसं घसरतच नाही. शंभर-दीडशे सीसीच्या साध्या गाडीत महागडं प्रीमियम पेट्रोल टाकण्यातही काही हशील नाही.

२. टायर आणि ब्रेक: इथे घासाघीस नको

टायरच्या नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे दाखवायला कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पण मुंबईकराने त्याच्या बरंच आधी बदलावा, कारण ओला पेव्हर ब्लॉक, मॅनहोलचं झाकण आणि मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा झिजलेल्या टायरला अजिबात धरू देत नाहीत. नवीन टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत मिळत असला तरी नको म्हणा. रबर वयानेही कडक होतं.

जाड दिसावा म्हणून मोठ्या मापाचा टायर त्याच रिमवर चढवू नका. त्याचा आकार बदलतो, वळणावर पकड बिघडते, मायलेजही घटतं. कंपनीने दिलेल्या मापातच चांगल्या पकडीचा टायर घ्या.

ब्रेकमध्ये लोक पॅड आठवणीने बदलतात, पण ब्रेक ऑइल विसरतात. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. दर दोन वर्षांनी बदलून घ्या, तेही गाडीवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. याच रांगेत हेल्मेट येतं: आयएसआय मार्कचं, हनुवटीचा पट्टा नीट बसणारं, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं. मुंबईत २०२२ पासून मागच्यालाही हेल्मेटची सक्ती आहे.

३. थोड्या पैशात मोठा खर्च वाचवणारी कामं

चेन दर ५००-६०० किलोमीटरला पुसून ल्युब करा, पावसाळ्यात त्याहून लवकर. पेट्रोलने धुऊ नका, आतल्या रबरी रिंगा खराब होतात. ताण मॅन्युअलमधल्या मापाने ठेवा. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला वाकलेले, हुकासारखे टोकदार दिसले की पूर्ण चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदलायची वेळ आली. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन खातात.

खड्ड्यांचा पहिला मार कोनसेटवर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर बसतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. बरोबर मध्ये, चाक सरळ असताना बारीकसा खटका लागला तर कोनसेट गेला. मग फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा. तेलाचा ओशट थर हाताला लागला तर ऑइल सील गळतंय. ही दोन्ही कामं लांबवली की हँडल अडखळतं, ब्रेक मारल्यावर पुढचं चाक थरथरतं.

इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन: तिन्हीला सरळ नको म्हणा.

४. शोभा आणि कायदा

आवाजाचा सायलेन्सर लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि जप्त केलेले सायलेन्सर वाहतूक पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेले आहेत. रात्री दोन वाजता सोसायटीखालून फाटक्या आवाजाची गाडी गेली की तान्ह्या बाळांची आणि आजारी माणसांची झोप मोडते, हे मला दंडापेक्षा मोठं कारण वाटतं. साडीगार्ड काढणंही नियमाबाहेरचं आहे. जास्तीचे दिवे लावायचेच असतील तर मूळ वायर कापू देऊ नका, रिलेसकट (दिव्यांचा करंट मूळ स्विचवर न टाकणारा वेगळा स्विच) वेगळं वायरिंग करून घ्या. विकताना या कशाचेच पैसे परत मिळत नाहीत.

५. कधी आणि कसं करून घ्यायचं

मोठं काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये गॅरेजमध्ये रांगा लागतात. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ किंवा किक मारू नका. ढकलत बाहेर काढा आणि आधी ऑइल तपासून घ्या. ते दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

गॅरेजमध्ये काम सुरू होण्याआधी पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. "दादा, जुना पार्ट मला परत द्या" हे आधीच सांगा. पार्ट खरंच बदलला का, हे त्यावरून कळतं. खर्चाचा अंदाज गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इंजिनचं हेड उघडू देऊ नका. आणि प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं किलोमीटर रीडिंग लिहून ते फाइलला लावा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा हीच फाइल मागतो.