ट्रक थरथरतोय? गळीत हंगामाआधी चाकांचं एवढं बघून घ्या

कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या यायला लागल्या की कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळाभर दारात उभ्या असलेल्या ऊस वाहतुकीच्या गाड्या बाहेर निघतात. खंडेनवमीला हार घालून गाडी महामार्गाला लागते आणि काटा साठच्या पुढं गेला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: टायर बदलून टाकू. नवी जोडी चढवूनही थरथर तशीच राहिलेल्या गाड्या दर हंगामात बघायला मिळतात. थरथर नेमकी कुठून येते ते आधी शोधा, टायरच्या दुकानाची पायरी मग चढा.

आणि हे आत्ताच करा. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपाला जायला हवा. जितका उशीर, तितका तो वाळतो, वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. भरलेली गाडी वाटेत बसली तर ती घट ज्याचा ऊस आहे त्याच्या पावतीवर दिसते, आणि तिकडं ऊसतोडणीची टोळी फडात बसून राहते ती वेगळीच.

सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टीनं करा: चाकं आतून धुवा. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या काळ्या रानातून गाडी निघाली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल थापला जातो आणि वाळून दगडासारखा होतो. एका बाजूला दोन-तीन किलो माती चिकटलेलं चाक थरथरणारच. धुताना मागच्या जोडटायरांच्या मध्ये दगड अडकलाय का तेही बघा. तो थरथरीपुरता थांबत नाही, दोन्ही टायर फाडतो.

महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या गाडीचा टायर खालून चपटा होतो. नायलॉनच्या टायरात हे जास्त. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला गचके बसतात आणि टायर तापला की कमी होतात, असं असेल तर लगेच घाबरू नका. पण तापल्यावरही गचके तसेच राहिले तर तो टायर कायमचा बसलाय. पुढच्या पावसाळ्यात गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवा.

आता गाडी रिकामी घेऊन सरळ, मोकळ्या रस्त्यावर जा आणि थरथर कुठं जाणवते ते बघा. स्टेअरिंगमध्ये येत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीटखाली आणि केबिनच्या पत्र्यात येत असेल तर मागच्या चाकांत किंवा प्रोपेलर शाफ्टमध्ये (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्यात). ठरावीक वेगाला सुरू होऊन त्याच्या पुढं कमी होणारी थरथर बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं नसल्याची. हळू चालतानाही गाडी डुलत असेल तर टायरला फुगा आलाय, आतली तार तुटलीय किंवा रिम वाकलीय. फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर टायरचा काही दोष नाही, ब्रेकचा ड्रम बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर जाते, तर शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा मधलं सेंटर बेअरिंग. आणि गाडी जागेवर उभी असताना नुसत्या रेसवर केबिन हलत असेल तर इंजिनाची माउंटिंग तपासा.

पुढच्या चाकांवर संशय आला तर घरीच एक परीक्षा होते. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा ॲक्सल जॅकवर उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. टायरसमोर विटांची चळत लावून तिच्यावर खडू असा धरा की टोक टायरच्या नक्षीला जेमतेम लागेल. चाक हातानं सावकाश फिरवा. खडू काही भागात घासतो आणि काही भागात फट पडते, म्हणजे चाक गोल नाही. मग तोच खडू रिमच्या कडेला धरून बघा. रिम बरोबर फिरली तर दोष टायरमध्ये किंवा तो बसवण्यात. टायरच्या बाजूला रिमजवळ एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडं सारखं हवं. एके ठिकाणी रेघ रिमखाली गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. तो उतरवून पुन्हा बसवला की थरथर जाते, नव्या टायरची गरज पडत नाही.

चाक वर असतानाच वरून-खालून धरून हलवा. खुळखुळलं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर बेअरिंग, तरीही राहिली तर किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ). डावी-उजवीकडून हलवल्यावर ढिलं लागलं तर टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक). २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठी कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. ज्यांच्या गाडीच्या हबपर्यंत (चाकाच्या मधल्या भागापर्यंत) पाणी चढलं होतं आणि अजून हब उघडलेले नाहीत, त्यांनी यंदा ते उघडून ग्रीस बदलूनच घ्यावं.

झिजलेला टायरही बरंच सांगतो. मधोमध खाल्लाय तर हवा जास्त, दोन्ही कडा खाल्ल्यात तर हवा कमी. एकच कड खाल्ली तर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत नाहीत), आणि खड्डे-खड्डे पडलेत तर बॅलन्सिंग, बेअरिंग किंवा शॉकॲब्सॉर्बर. हे दुरुस्त न करता नवा टायर टाकला तर तोही तसाच खाल्ला जाणार.

हवा नेहमी टायर थंड असताना बघा. चालून तापलेल्या टायरात ती वाढलेली दिसते, म्हणून काढू नका. आमच्याकडं सगळ्यात दुर्लक्षित काय असेल तर मागच्या जोडीतला आतला टायर. त्याच्या व्हॉल्व्हला हात पोचत नाही म्हणून पंक्चरवाला हवा बघायला बाहेरच्यावर हातोडी मारतो आणि पुढं जातो. आतला बसलेला असला की सगळा भार बाहेरच्यावर पडतो. व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या, खर्च किरकोळ आहे. हवा ठरल्यापेक्षा २० टक्के कमी असेल तर तो टायर पंक्चर समजूनच उतरवायचा. लॉक रिंगच्या (टायर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कडीच्या) रिममध्ये हवा भरताना समोर उभं राहू नका, रिंग उडाली की माणूस वाचत नाही.

एवढं करूनही टायर घ्यायचाच ठरला तर माप आणि प्लाय (टायरच्या ताकदीचा आकडा) जुनंच ठेवा: १०.००-२० ला १६ प्लाय असेल तर १६ प्लायच. नायलॉन की रेडियल (आत तारांचे पट्टे असलेला), यावर पारावर वाद होतात. माझं मत असं: गाडी हंगामात फक्त फड ते कारखाना फिरणार असेल तर नायलॉन. त्याची बाजू जाड असते आणि फडातले बुडखे, बांधावरचे दगड तो सोसतो. हंगाम संपल्यावर भाजी घेऊन वाशीला किंवा माल घेऊन बेंगळुरूला जाणारी गाडी असेल तर रेडियल. लांबच्या पल्ल्याला तो कमी तापतो, डिझेलही वाचतं. एका ॲक्सलवर दोन्ही मिसळू नका. पुढं सरळ रेघांची नक्षी, मागं रानातून ओढायला आडव्या खाचांची.

नवे टायर पुढं, पुढचे चांगले असतील तर मागं. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) पुढं कधीच नको. मागं चालतो, पण जोडीला जोड हवी: या मापात दोघांच्या व्यासात साधारण १२ मिमीपेक्षा जास्त फरक नको. कोरा टायर गुळगुळीत टायरशेजारी बसवला तर कोराच सगळं वजन उचलतो. थोडा फरक असलाच तर लहान टायर आत घाला, कारण रस्ता मधे उंच असतो. कायद्यानं नक्षी किमान १.६ मिमी हवी. भरल्या गाडीनं गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्यानं तिथवर वाट बघू नये.

दुकानात आयएसआय खूण आणि टायरवरचा चार आकडी कोड बघा. ३५२५ म्हणजे २०२५ सालचा ३५ वा आठवडा. वर्षाहून जुना माल कोऱ्याच्या भावात घेऊ नका. नव्या टायरला ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) नवेच टाका; ताणलेली जुनी ट्यूब आत घडी पडून फाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, ट्रॅक्टरच्या टायरवर ५ टक्के आहे. तेव्हा पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

चाकं बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, म्हणजे कारखान्याची पहिली खेप खाली करून परतल्यावर, पुन्हा एकदा पाना लावा.